समाधानकारक पाणी

फिल्म वाळली असेल असं समजून त्याने ती बाथरूममधल्या दोरीवरून उतरवली, खाली वजनासाठी लावलेला कपड्यांचा चिमटा काढला, दोन्ही टोकं हलक्या हाताने धरून ती खिडकीशी नेली आणि उजेडासमोर धरली मात्र, त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. फिल्मवर पांढरं होतं. डाग म्हणावेत तर डाग नव्हते, ओरखडे म्हणावेत तर ओरखडे नव्हते. फळ्यावरून ओलं फडकं फिरवल्यावर फळा वाळताना जे उमटतं, ते. मधेमधे ओघळ, कडेला कणी, आणि एखादा थेंब जिथल्या तिथे वाळून स्वतःची गोल हद्द आखून गेलेला. आत माणसं होती, हे दिसत होतं. निगेटिव्हमध्ये असतात तशी काळ्या दातांची आणि उजळ केसांची माणसं, पण सगळी धुक्यात उभी केल्यासारखी. घरी रंगीत फिल्म धुवायची त्याची ही काही पहिली वेळ नव्हती. याआधी त्याने गच्चीवरची कबुतरं आणि ढग धुतले होते, आणि ते उत्तम आले होते. आता त्याच्या लक्षात आलं की ढगांवर पांढरं आलं तर ते कुणाला कळणार, आणि कबुतरांनी तर तक्रार करण्याचा प्रश्नच नव्हता.

"आले का हो फोटो?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"समाधानकारक," तो म्हणाला. म्हणजे तो म्हणाला नाही, ते आपोआप बाहेर पडलं. शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत तो केमिस्ट होता, आणि उभा जन्म त्याने बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून, नळ्या हलवून, रंग बघून, शेवटी एकच शब्द लिहिण्यात घालवला होता. चांगलं असं लिहायची सोय नव्हती, कारण मग चांगलं कशावरून असं वरून विचारलं जातं. वाईट लिहावं तर गावभर धावपळ. समाधानकारक या शब्दात मात्र सगळं मावत होतं, आणि नळही चालू राहत होता. हळूहळू तो शब्द प्रयोगशाळेतून झिरपत घरात आला. मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या बाहेर सासरची सगळी मंडळी जीव मुठीत धरून उभी होती, आणि हा दार उघडून बाहेर आला आणि म्हणाला, "दोघींची प्रकृती समाधानकारक." त्या दिवसापासून बायकोच्या माहेरी त्याचं नावच ते पडलं. समाधानकारक आले का, समाधानकारकांना वाढा, समाधानकारकांना विचारा पंखा चालवू का. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आता मात्र फिल्म हातात धरून उभा असताना त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण खोटं बोललो, आणि ते इतक्या सवयीने की जिभेलाही कळलं नाही.

कारण ही फिल्म कबुतरांची नव्हती. बायकोच्या वाढदिवसाला तिचं सगळं माहेर या घरात जेवायला जमलं होतं, आणि तेव्हा याच्या अंगात आलं होतं. "फोन खाली ठेवा सगळ्यांनी! एक दिवस तरी डोळ्यांनी बघा. फोटो मी काढतो, खरे फोटो!" एवढ्यावर न थांबता त्याने कांदेबटाट्यांची टोपली रिकामी करून सगळ्यांचे फोन तिच्यात गोळा केले होते आणि टोपली कपाटावर ठेवली होती. म्हणजे त्या दिवसाचा पुरावा जगात एकच, आणि तो आत्ता त्याच्या हातात, पांढरा. त्यातही सगळे जेवताहेत, कुणी हसतंय, कुणी पाठमोरं बसलंय, अशा फोटोंचं एवढं काही नव्हतं. मोलाचा होता तो एकच, सगळ्यांचा मिळून काढलेला. त्यात बायकोचे दोन्ही भाऊ एकमेकांशेजारी उभे होते.

दादा आणि धाकटा कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. इस्टेटीवरून बिघडलं असतं तर निदान लोकांना समजावून तरी सांगता आलं असतं. यांचं बिघडलं ते आईच्या पायमशीनवरून. आई गेल्यावर ते शिलाई मशीन कोणी न्यायचं असा विषय निघाला, तेव्हा दादा म्हणाला, तू ने, तुझ्यावर आईचा जीव होता. धाकटा म्हणाला, छे, तू थोरला, तूच ने. ही माया जरा वेळ चालली, आणि मग दोघांच्याही ध्यानात आलं की मशीन आपल्याला नको आहे, तसंच ते त्यालाही नको आहे. स्वतःला नको याचं कुणाला काही वाटलं नाही. पण त्यालाही आईची वस्तू नको म्हणजे काय, यावर दोघंही इतके भडकले की त्यानंतर एकमेकांना पाण्यातच पाहू लागले. मशीन अखेर बहिणीकडे आलं. या घराच्या बोळात, बाथरूमच्या दाराशी ते उभं असे, आणि फिल्म धुवायचा नाद लागल्यापासून त्याच्यावर याच्या रसायनांच्या बाटल्या उभ्या असत. वाढदिवसाच्या दिवशी भांडी ठेवायला जागा पुरेना म्हणून ते बाहेरच्या खोलीत ओढून नेलं होतं. त्यावरच्या कापडावर कुणीतरी सरबत सांडलं, ते कापड धुऊनही डाग गेला नव्हता, आणि तेच कापड काल बाथरूममध्ये फिल्मच्या शेजारी वाळत होतं. तेव्हा त्याचा पहिला संशय त्या कापडावर गेला.

त्या फोटोच्या वेळी काय झालं होतं ते त्याला अजून स्पष्ट आठवत होतं, कारण ते त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं होतं. दादा एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला, मधे सगळं खानदान. चौकटीत काही मावेना. "आत या! अजून आत!" तो ओरडत होता. लोक सरकले, काही खाली बसले, पोरं पुढे आली, दाटी झाली, आणि दोन्ही टोकं मधे येत येत अशी एकमेकांना भिडली की दोघांचे खांदे लागले. बायको खाली बसली होती, तिने मान वर करून पाहिलं. त्याने डोळा कॅमेऱ्याला लावला होता आणि त्याला दिसलं की दादाने धाकट्याकडे बघितलं, आणि दादाचे ओठ हलले. दादा काहीतरी बोलला! मग खटका दाबला गेला, सगळे पांगले, जेवणं झाली, आणि जाताना दादा समोरच्या दाराने आणि धाकटा मागच्या जिन्याने गेला. दादा काय बोलला ते कुणाला माहीत नव्हतं. बायकोला मात्र तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं. काल संध्याकाळी, फिल्म दोरीवर लटकलेली असताना, दादाचा फोन आला होता, "चिमे, फोटो आले का ग? सहज विचारतोय. मी विचारलं म्हणून सांगू नकोस कुणाला." मग जरा वेळाने धाकट्याचा. "ताई, ते फोटो झाले का? नाही, घाई नाही. दादाला बोलू नकोस मी विचारलं ते." दोघांनाही हा आतून ओरडून म्हणाला होता, समाधानकारक होतील.

आणि आता पांढरं. फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवून तो बोळात मशीनपाशी येऊन बसला आणि एकेका गोष्टीकडे बघू लागला. कुठंतरी पाणी मुरत होतं. कापडाचे तंतू असावेत का? पण तंतू काही गोल हद्द आखत नाहीत. मग तापमान? त्याने थर्मामीटरकडे रोखून पाहिलं, पण थर्मामीटर प्रयोगशाळेतला होता, त्याच्यावर संशय घेणं म्हणजे घरच्यावर घेण्यासारखं. मग रसायनं जुनी असतील. मग बादली. बादलीत बायको कपडे भिजवते, साबणाचा अंश राहिला असेल, आणि या शोधाने त्याला इतका आनंद झाला की तो तिला हाक मारणार होता, पण तिने काल सकाळी बादली घासून दिल्याचं आणि त्याने तिचा वास घेऊन समाधानकारक म्हटल्याचं त्याला आठवलं. अर्धा तास तो असा एकेकाला गुन्हेगार ठरवत आणि सोडून देत बसला होता. नळ मात्र शेजारीच, हाताच्या अंतरावर, थेंब थेंब टपकत होता आणि त्याच्याकडे त्याचं लक्ष जात नव्हतं. नळाच्या तोंडाशी पांढरं कडं साचलं होतं, तेही त्याला दिसत नव्हतं. ते तिथे नेहमीच असतं.

शेवटी त्याने दुकानदाराला फोन लावला. फिल्मा आणि रसायनं विकणारं हे एकच दुकान शहरात उरलं होतं, आणि दुकानदार जगावर कायमचा रागावलेला होता.

"बोला."

"फिल्मवर पांढरं आलंय. रंगीत आहे. घरी धुतली."

"पाणी कसलं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"कसलं ते सांगा हो."

"नळाचं."

"मग झालं तर."

"काय झालं?"

"तेच झालं. बरं, शेवटच्या द्रावणातून काढल्यावर काय केलंत?"

"धुतली."

"म्हणजे? शेवटच्या द्रावणानंतर परत? नळाखाली?"

"चांगली खळखळून."

"कागदावर लिहिलंय ना, यानंतर धुवू नये म्हणून?"

"लिहिलंय हो. पण मनाला पटेना. काहीतरी साबणासारखं तिच्या अंगावर राहतंय असं वाटलं."

"अहो, ते राहावं म्हणूनच असतं ते! थेंब धरून न ठेवता पाणी सरळ खाली सरकावं म्हणून. तुम्ही ते धुऊन काढलंत आणि वरून दगड ओतलात."

"दगड?"

"या गावचं पाणी म्हणजे पातळ दगड आहे. पास कोण करतो देव जाणे. त्याला इथे समोर बसवून ग्लासभर पाजलं पाहिजे."

"तो रोज पितो," तो म्हणाला.

"तुम्ही ओळखता त्याला?"

"तोंडओळख आहे."

दुकानदार फोनवर बराच वेळ हसला, आणि हसल्यामुळे जरा मऊ होऊन त्याने उपाय सांगितला. डिस्टिल्ड वॉटर आणा, बॅटरीत घालतात ते. त्यात फिल्म भिजू द्या. मग शेवटचं द्रावण त्याच पाण्यात नव्याने कालवा, त्यात बुडवा, लटकवा आणि काही म्हणजे काही करू नका. चकचकीत बाजूवर काही उरलंच तर स्पिरिटचा कापूस फिरवा. मंद बाजू, जिच्यावर चित्र असतं, तिला घासलंत तर चित्रच कापसावर येईल, तेवढं लक्षात ठेवा.

फोन ठेवल्यावर तो तसाच बसून राहिला. त्याचा असा पाणउतारा आजवर कुणी केला नव्हता; म्हणजे बायको करत आली होती, पण तो घरातला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती सांगत होती की पाणी जड आहे. केस गळतात. साबणाला फेस येत नाही. किटलीच्या बुडाला पापुद्रा धरतो, काचेचे ग्लास आंधळे होतात, काळी साडी दोन धुण्यांत राखाडी होते. दर वेळी तो प्रयोगशाळेतून आकडा पाठ करून येई आणि सांगे की क्षार मर्यादेत आहेत. ती म्हणे, मर्यादेत असतील, पण माझ्या किटलीत आहेत. यावर त्याने कधी रागावून उत्तर दिलं नाही. तो फक्त दर महिन्याला किटलीत व्हिनेगर उकळून, तिच्या नकळत, बूड स्वच्छ करून ठेवत असे. आता त्याला स्वतःचंच नवल वाटलं. ज्या माणसाचा पाण्यावर इतका भरवसा तो चोरून किटली का घासत होता? म्हणजे त्याच्या हातांना सगळं ठाऊक होतं. फक्त तोंडाला कळवायचं राहिलं होतं. आणि त्या हातांनीच काल, कागदावर नको म्हणून लिहिलेलं असताना, फिल्मला आपल्या लाडक्या पाण्याची आणखी एक आंघोळ घातली होती, जणू पाहुण्याला निघताना आग्रहाने आणखी एक वाढावं तशी. त्याला फार ओशाळल्यासारखं झालं. आपल्याच पाण्याने आपल्याच सगळ्या खटाटोपावर पाणी पडलं, असा एक विनोद त्याला सुचला, पण तो ऐकवायला आत्ता कुणी नव्हतं.

खाली कोपऱ्यावर बॅटऱ्यांचं दुकान होतं. तिथून दोन कॅन आणताना त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळले, आणि दारातच बायको उभी.

"काय आणलंत लपवून?"

"पाणी."

"विकत?" तिने कागद बाजूला केला. "तुम्ही पाणी विकत आणलंत?"

"बॅटरीसाठी असतं ते."

"आपल्याकडे कुठेय बॅटरी?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिची नजर खिडकीला चिकटवलेल्या फिल्मकडे गेली, तिथून नळाकडे, आणि परत त्याच्याकडे. एखादीने एवढ्या वर्षांचं सगळं उट्टं काढलं असतं. तिने फक्त चष्मा सारखा केला आणि विचारलं, "जाईल का हो ते पांढरं?" त्या आवाजात दादा होता आणि धाकटा होता आणि तीही होती, खाली बसून मान वर केलेली. समाधानकारक म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. "माहीत नाही," तो म्हणाला. हे त्याने तिला बहुधा पहिल्यांदाच सांगितलं होतं.

मग तो बाथरूमचं दार लावून बसला. बॅटरीचं पाणी दिसायला अगदी साधं होतं. त्याने सवयीने बोटभर चाखलं. त्याला कसलीच चव नव्हती, आणि चवीवाचूनचं पाणी म्हणजे एखाद्या बेचव माणसासारखं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. फिल्म त्यात पडली आणि काहीच झालं नाही. वेळ जाऊ लागला. टपकणारा नळ त्याने फडकं गुंडाळून गप्प केला. दादाचे ओठ हलले होते ते त्याला परत आठवलं. काय बोलला असेल? माफ कर, असं दादा म्हणणं शक्य नव्हतं. बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तरी दादा त्यालाच पाय आवरायला सांगतो. मग काय? बहुतेक जरा सरक. पण जरा सरक म्हणायला सुद्धा कित्येक वर्षांनी तोंड उघडावं लागतं, आणि ते उघडलेलं तोंड या पाण्याखाली कुठेतरी होतं. त्याने फिल्म अलगद हलवली. ओघळ सुटले होते. कणी गेली होती. गोल हद्दी एकेक करून पुसट झाल्या. त्याने नवं द्रावण कालवलं, फिल्म बुडवली, काढली, आणि या वेळी नळाकडे ढुंकूनही न बघता ती दोरीला टांगली. डागाचं कापड काढून बाहेर टाकलं. मग तो दाराबाहेर स्टूल टाकून पहाऱ्यावर बसला, आणि दुपारभर बायकोला त्याने आत जाऊ दिलं नाही, तिने दोनदा मागणी करूनही.

फिल्म वाळली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. त्याने ती उजेडासमोर धरली. स्वच्छ! दादा, ज्याच्या केसांना गेली कित्येक वर्षं काळ्याभोर रंगाखेरीज काही शिवलं नव्हतं, तो निगेटिव्हमध्ये पहिल्यांदाच पांढऱ्या केसांचा आणि वयाला शोभणारा दिसत होता. धाकटा दिसत होता. खांद्याला खांदा दिसत होता. फक्त दोघांच्या मधे, पोटाच्या उंचीवर, एक मोठा फिकट डाग तसाच होता. बाकी सगळं गेलं आणि नेमका हाच राहिला, नेमका इथेच! त्याने चकचकीत बाजूवरून स्पिरिटचा कापूस फिरवला. डाग हलला नाही. परत फिरवला. नाही. म्हणजे तो पलीकडच्या बाजूला होता, मंद बाजूला, जिला हात लावू नका म्हणून दुकानदाराने बजावलं होतं. पण हा डाग घेऊन तो बायकोसमोर जाणार कसा? दोघा भावांच्या मधे त्याचं पाणी दगड होऊन बसलं होतं. त्याने नवा कापूस घेतला, अगदी थोडं स्पिरिट, अगदी हलका हात. फिल्म उलटी केली.

"अहो, थांबा! काय करताय?"

बायको मागे उभी होती.

"एवढा एकच राहिलाय," तो म्हणाला. "मधेच बसलाय दोघांच्या. काढून टाकतो."

तिने त्याच्या हातातून फिल्म कडेने धरून घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि डोळा जवळ नेला.

"हे मशीन आहे," ती म्हणाली.

"कुठलं?"

"कुठलं काय? आईचं. काळ्याचं पांढरं दिसतं ना यात? तुम्हीच सांगता. कापड नव्हतं त्याच्यावर, मी धुवायला टाकलं होतं. ही बघा त्याची मान, हे चाक."

त्याने पाहिलं. मान होती, चाक होतं. आणि त्या फिकट आकारावर दोन गडद ठिपके होते, बोटांसारखे, बोटंच होती. एक हात दादाचा, त्यावर अंगठीचा काळा मणी. दुसरा धाकट्याचा. दाटीत तोल सावरायला दोघांनी एकाच वेळी मशीनवर हात टेकला होता आणि दोन हातांच्या मधे एका बोटाचीही जागा नव्हती. हे कॅमेऱ्यातून त्याला दिसलं नव्हतं. कापूस अजून त्याच्या बोटांत ओला होता, आणि तो हे पुसायला निघाला होता. कापूस त्याने खिडकीतून बाहेर फेकला, जे तो एरवी कुणालाही करू देत नसे.

बायकोने धाकट्याला फोन लावला. "काय रे, एक विचारू? फोटोच्या वेळी दादा काय म्हणाला होता तुला?"

"काही नाही ग ताई. म्हणाला, याला तेल घालतं का रे कोणी?"

"मग? तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? मी बोलणारच होतो. पण दाजी ओरडले ना, कुणी बोलू नका, हलेल."

तो खिडकीशी उभा होता, त्याला सगळं ऐकू आलं. अजून आत या, अजून आत, आणि आता कुणी बोलू नका. खरंच ओरडला होता तो. कित्येक वर्षांनी दादाने तोंड उघडलं आणि याने ते गप्प करून त्याचा फोटो काढला. बायकोने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, हे त्याला फार लागलं.

"दाजी आहेत का?" धाकटा विचारत होता. "फोटो कसा आलाय?"

तिने फोन पुढे केला. त्याने तो घेतला. जिभेवर आलेला शब्द त्याने गिळला.

"चांगला आलाय," तो म्हणाला.

"काय?"

"चांगला. पाणी जड आहे आपल्याकडचं, म्हणून वेळ लागला. तू ये बघायला. दादांनाही बोलावतोय. आणि ऐक, आता हललात, बोललात, तरी चालेल."

पलीकडे धाकटा खाकरला. "येतो," तो म्हणाला. "तेल मी आणतो."

बायकोने लगेच दादाला फोन लावला. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येतो. तेल आहे माझ्याकडे, मशीनचंच आहे. त्याला सांग, तू आणू नकोस."

तिने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. "आता यावरून सुरू होतील बघा दोघं."

"आणू दे दोघांनाही," तो म्हणाला, आणि बोळात जाऊन मशीनवरच्या आपल्या बाटल्या एकेक करून खाली ठेवू लागला. काळ्या रंगावर बाटल्यांच्या बुडांची पांढरी कडी उमटली होती. त्याने उरलेलं बॅटरीचं पाणी फडक्यावर घेतलं आणि ती पुसायला बसला.